उघड्यावरचं स्टेशन



या मालिकेसाठी मला फोन आला, तेव्हा पलीकडच्या मुलाला बहुधा वाटलं होतं की निवृत्त कर्नल म्हणजे सियाचेनवर बोलणार, नाहीतर कारगिलवर. मी त्याला म्हटलं, "मी एका मेट्रो स्टेशनवर बोललो तर चालेल का? तेही परदेशातल्या?" तो जरा थांबला. मग म्हणाला, "सर, पण त्यात आर्मी कुठे येते?" म्हटलं, येते. शेवटपर्यंत ऐक.

मी सॅपर, म्हणजे लष्करातला इंजिनिअर. खडकीला घडलो, दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये पदवी घेतली आणि पुढची तीसेक वर्षं देशभर बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडलो. सॅपर म्हटलं की लोकांना पूल आणि सुरुंग आठवतात. ते असतंच. पण शांततेच्या काळात आमच्यातल्या पुष्कळांच्या वाट्याला क्वार्टर्स, पाण्याच्या टाक्या आणि गळकी छपरं येतात. त्यावर कुणी सिनेमा काढत नाही. आज मी छपराबद्दल बोलणार आहे.

२०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलाकडे गेलो होतो. तो तेव्हा वॉशिंग्टन शहराच्या ईशान्य भागात राहायचा. तुमच्यापैकी अनेकांनी ही वारी केली असेल, किंवा तुमच्या आईवडिलांनी केली असेल. पहिले पंधरा दिवस सगळं नवं असतं. नंतर मुलं कामावर जातात आणि आपण खिडकीतून रस्ता बघत बसतो. मला बसवत नाही. मी सकाळी चालायला निघायचो आणि दहा-बारा मिनिटांत ऱ्होड आयलंड अ‍ॅव्हेन्यू नावाच्या मेट्रो स्टेशनपाशी पोचायचो.

हे स्टेशन जमिनीच्या वर आहे. खाली रस्ता, तिथेच तिकिटाची फाटकं, मग सरकता जिना किंवा लिफ्ट, आणि वर दोन रुळांच्या मध्ये एकच लांब फलाट. शेजारून दुसऱ्या, मोठ्या रेल्वेचे रूळ जातात. दक्षिणेला मेट्रोचं यार्ड दिसतं. फलाटावर सहा कोनी लालसर फरशी, कडेला ग्रॅनाइटची पट्टी, आणि त्या पट्टीत बसवलेले दिवे. गाडी येऊ लागली की ते लुकलुकतात. डोक्यावर काँक्रीटचं छप्पर, तेही फलाटाच्या काही भागावरच. मधल्या खांबांवरून दोन्ही बाजूंना वर उचललेलं. समुद्रपक्ष्याने पंख पसरावेत तसं. तिथले लोक त्याला 'गल विंग'च म्हणतात.

मला ते छप्पर पहिल्याच दिवशी आवडलं. इंजिनिअरला पटकन आवडावं असंच आहे ते. बाजूला खांब नाहीत, त्यामुळे गाडीचं दार आणि माणूस यांच्या मध्ये काही येत नाही. वर उचललेल्या पंखाखालून हवा येते, उजेड येतो. सगळा भार मधल्या ओळीने खाली उतरतो. काँक्रीट जसं ओतलं तसंच, वर गिलावा नाही, रंग नाही. जे आहे ते दाखवायचं, अशी त्या काळची रीत होती.

आता थोडा इतिहास, पण थोडाच. वॉशिंग्टनची मेट्रो २७ मार्च १९७६ रोजी सुरू झाली. पहिला टप्पा जेमतेम साडेसात किलोमीटरचा, पाच स्टेशनांचा. त्या पाचांतली चार जमिनीखाली. एकटं ऱ्होड आयलंड अ‍ॅव्हेन्यू उघड्यावर. म्हणजे त्या सबंध मेट्रोतलं हे सर्वांत जुनं उघडं स्टेशन. आर्किटेक्ट होते शिकागोचे हॅरी वीज. १९६६ साली त्यांची निवड झाली. आज जगभरचे आर्किटेक्ट वॉशिंग्टन मेट्रो बघायला जातात ते वीज यांच्या भूमिगत स्टेशनांसाठी. एकच प्रचंड काँक्रीटची कमान, तिला आतून चौकटी-चौकटींची नक्षी, खालून सोडलेला मंद उजेड. देवळाच्या सभामंडपात शिरल्यावर आवाज जसा आपोआप खाली येतो, तसं तिथे होतं. अशी एकसंध, भारदस्त कमान हवी, हा आग्रह तिथल्या ललितकला आयोगाने धरला होता. वीज यांचे सुरुवातीचे आराखडे त्यांनी परत पाठवले होते. सरकारी समितीने आराखडा परत पाठवला आणि त्यामुळे काम सुधारलं, असं मी माझ्या नोकरीत फारसं पाहिलं नाही. म्हणून मुद्दाम सांगतो.

२०१४ मध्ये अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेने या मेट्रोला पंचवीस वर्षांहून अधिक काळ टिकलेल्या वास्तूंसाठीचा आपला पुरस्कार दिला. तेव्हाही फोटो छापले जातात ते कमानींचेच. उघड्या स्टेशनांना मात्र कुणी बघायला जात नाही. एकाच घरातली दोन भावंडं असावीत, एक शिकून साहेब झालेला आणि दुसरा शेतावर राबणारा, तसं त्यांचं आहे. साहित्य तेच. काँक्रीट, ग्रॅनाइट, काशाच्या रंगाचा धातू, तीच सहा कोनी फरशी. फरक एवढाच, की एक भाऊ ऊनपावसात उभा आहे.

आणि इथेच माझा मुद्दा आहे. वास्तूची खरी परीक्षा उघड्यावर होते.

वॉशिंग्टनचा हिवाळा इंजिनिअरच्या दृष्टीने वाईट. तापमान कायम शून्याखाली राहिलं तर एक वेळ परवडतं. तिथे ते सारखं शून्याच्या खाली-वर करत राहतं. फरशीच्या सांध्यातून पाणी झिरपतं. रात्री गोठतं. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं. सकाळी वितळतं, आणि रुंदावलेल्या फटीत आणखी पाणी शिरतं. पन्नास हिवाळ्यांत हे किती वेळा झालं असेल याचा हिशेब तुम्हीच करा. त्यात माणसं घसरू नयेत म्हणून फलाटावर बर्फ वितळवायला मीठ टाकावं लागतं. ते टाकलंच पाहिजे, त्याला इलाज नाही. पण मिठातलं क्लोराइड पाण्याबरोबर काँक्रीटमध्ये उतरतं आणि सळईपर्यंत पोचतं. काँक्रीटच्या आतली सळई एरवी सुरक्षित असते, कारण काँक्रीट तिच्याभोवती क्षारयुक्त कवच धरतं. क्लोराइड ते कवच फोडतं. सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. त्याला जागा कुठून मिळणार? तो आतून काँक्रीट ढकलतो. आधी केसासारखी चीर पडते. मग तिच्या कडेला तपकिरी डाग येतो. मग एक दिवस ढलपा खाली येतो. ढलपा पडल्यावर लोक म्हणतात, अचानक पडला. अचानक काहीच झालेलं नसतं. तो दहा-पंधरा वर्षं पडतच असतो, आपल्याला दिसतो त्या दिवशी.

मला सवय आहे, काँक्रीट दिसलं की वाजवून बघायची. नाण्याने, किल्लीने, बोटाच्या पेराने. घट्ट काँक्रीट टणटणतं. आतून सुटलेलं काँक्रीट बद्द वाजतं, कलिंगडवाल्याला कळतं ना, तसं. ऱ्होड आयलंड अ‍ॅव्हेन्यूच्या खालच्या बाजूला रस्त्यालगत मी असाच किल्लीने ठोकत उभा होतो, तर मुलगा ओशाळून म्हणाला, "बाबा, इथे असं करू नका. कुणीतरी पोलिसांना बोलवेल." त्याचंही बरोबर होतं. सत्तरीकडे झुकलेला, मफलर गुंडाळलेला एक परदेशी माणूस सरकारी मालमत्तेवर ठोकतोय! मी तेव्हा साठीचाच होतो, पण मफलरमध्ये मी सत्तरीचा दिसतो.

ठोकता ठोकता मला एक आवाज ओळखीचा आला. तो ऐकून मी जरा गप्प झालो. त्याचं कारण सांगतो. हे मी आजवर कुठल्याही व्यासपीठावर सांगितलेलं नाही.

१९९४ सालची गोष्ट. मी मेजर होतो. उत्तरेतल्या एका छावणीत क्वार्टर्सच्या देखभालीचं काम माझ्याकडे होतं. एका जुन्या ब्लॉकचे सज्जे ओले होत होते. सज्जाच्या खालच्या अंगाला तपकिरी डाग. माझ्या ओव्हरसिअरने ते ठोकून पाहिले आणि फाइलवर लिहिलं, तातडीने काम घ्यावं. पैसे थोडे होते, कामं जास्त होती. त्याच महिन्यात एका वरिष्ठ अधिकाऱ्यांचा दौरा होता आणि मुख्य फाटकाची कमान, परेड ग्राउंडचा कठडा, झाडांना गेरू-चुना ही कामं पुढे आली. मी त्या फाइलवर एक ओळ लिहिली. सज्जांचं काम पुढच्या आर्थिक वर्षात घ्यावं. खाली सही, तारीख.

ऑगस्टमध्ये सज्जाचा तुकडा पडला. खाली एका हवालदाराची सात वर्षांची मुलगी सागरगोटे खेळत होती. तुकडा खांद्यावर पडला. खांद्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

मी इस्पितळात गेलो. तो हवालदार आपल्याकडचाच, सातारा जिल्ह्यातला. मला बघून तो उभा राहिला, सावधान झाला. मला काही बोलता येईना. तोच म्हणाला, "साहेब, डोक्यावर नाही पडलं. देवाची कृपा." त्याला फाइल माहीत नव्हती. चौकशी झाली. पावसाळा, जुनं बांधकाम, अपुरा निधी, हे सगळं लिहिलं गेलं आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं. मला कुणी दोष दिला नाही. पुढे मला बढतीही मिळाली.

२०११ मध्ये त्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. हवालदार सुभेदार होऊन निवृत्त झाला होता. मी गेलो. मंगलाष्टकं संपली, हार घालायची वेळ आली. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. नवरदेवाला ते ठाऊक होतं. त्याने मान खाली वाकवली, अगदी सहज. मंडपात कुणीतरी ओरडलं, "आत्तापासूनच वाकला बघा!" सगळे हसले. तीही हसली. मी मागच्या रांगेत बसलो होतो. जेवून निघालो.

तर, तो आवाज मला ओळखीचा होता.

आता पुन्हा त्या स्टेशनकडे. २०१६ च्या शेवटी शेवटी तिथे वरून ढलपे पडले होते आणि स्टेशन थोडा काळ बंद ठेवावं लागलं होतं, हे मला मुलाने सांगितलं. आणि आम्ही तिथे असतानाच, २१ जुलै ते ३ सप्टेंबर २०१८ असे पंचेचाळीस दिवस, ऱ्होड आयलंड अ‍ॅव्हेन्यू आणि त्याच्या पुढचं ब्रुकलंड ही दोन्ही स्टेशनं फलाटांच्या दुरुस्तीसाठी बंद केली गेली. लोक वैतागले. प्रवाशांना बसमधून फिरवून न्यावं लागत होतं. मुलाला ऑफिसला पोचायला रोज अर्धा-पाऊण तास जास्त लागायचा. तो संध्याकाळी घरी येऊन चिडचिड करायचा आणि मी मनातून खूश असायचो. कुणीतरी फाइल पुढच्या वर्षावर ढकलली नव्हती. म्हणजे, आधी अनेक वर्षं ढकललीच होती, नाहीतर ही वेळ आली नसती. पण निदान आता थांबली होती.

स्टेशनशेजारी सायकलवाल्यांसाठी आणि चालणाऱ्यांसाठी एक वाट आहे, आणि त्या वाटेवरून स्टेशनकडे रूळ ओलांडणारा एक पादचारी पूल आहे. संध्याकाळी मी त्या पुलावर जाऊन उभा राहायचो. आपल्याकडे जेसीबी बघायला गर्दी जमते, तशी तिथे जमत नाही. मी एकटाच असायचो. सुटलेलं काँक्रीट काढून टाकायचं, सळई उघडी करायची, गंज घासायचा, नवी सळई जोडायची, मग नवं काँक्रीट. काम तेच, जे खडकीत आम्हाला शिकवलं होतं. एका कामगाराने एक दिवस वर बघून हात केला. मीही केला.

याच संध्याकाळी मला जनरल ग्रॅहम भेटले. म्हणजे वाचनात भेटले.

मेजर जनरल जॅक्सन ग्रॅहम. अमेरिकन लष्कराच्या कोअर ऑफ इंजिनिअर्सचे, म्हणजे आमच्याच जातकुळीतले. लष्करातून निवृत्त झाल्यावर १९६७ मध्ये ते या मेट्रोचे पहिले महाव्यवस्थापक झाले. मेट्रो बांधली गेली ती त्यांच्या हाताखाली. खंबीर माणूस. पैसा, जमीन, राजकारणी, खडक, पाणी, सगळ्यांशी झुंजून त्यांनी काम रेटलं. आमच्याकडे अशा माणसाला 'मिशन पूर्ण करणारा' म्हणतात, आणि त्याहून मोठं प्रशस्तिपत्रक नसतं.

या शहराशी सॅपरांचं नातं जुनं आहे. शहराचा मूळ आराखडा काढणारे पिअर लांफांत हेही अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातले लष्करी इंजिनिअर, मेजर. काम पुरं व्हायच्या आतच त्यांना काढून टाकलं, गरिबीत गेले. १९०९ मध्ये त्यांचे अवशेष आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत आणून टेकडीवर पुरले. थडग्याच्या शिळेवर त्यांनी आखलेल्या शहराचा नकाशा कोरलेला आहे. तिथून खाली सगळं शहर दिसतं. मी तिथे उभा राहिलो, सलाम केला. त्या टेकडीखालीही मेट्रोचं एक उघडं स्टेशन आहे, पण त्याचं नंतर.

ग्रॅहमसाहेबांची एक गोष्ट आहे. स्टेशनांमध्ये लिफ्ट असाव्यात, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसांनाही गाडी गाठता यावी, अशी मागणी अपंगांच्या संघटनांनी केली. जनरलसाहेबांना ते पटेना. सरकते जिने आहेत की! खर्च वाढेल, वेळ जाईल, आराखडे बदलावे लागतील. आपलं म्हणणं सिद्ध करायला ते स्वतः चाकाच्या खुर्चीत बसले आणि सरकत्या जिन्यावरून वर गेले, खाली आले. प्रकरण कोर्टात गेलं. १९७३ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं, लिफ्ट बसवा. १९७६ मध्ये गॅलरी प्लेस नावाचं एक स्टेशन तयार असूनही लिफ्ट नव्हती म्हणून उघडू दिलं नाही. गाड्या तिथून न थांबता जात होत्या. डिसेंबरात लिफ्ट झाली, मग ते उघडलं.

मी ही गोष्ट वाचली तेव्हा, खरं सांगतो, मला जनरलचं कौतुक वाटलं. काय माणूस! स्वतः खुर्चीत बसून दाखवतो! मी ती घरात रंगवून सांगितली. ही ऐकत होती. हिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया त्याआधीच्या वर्षी झाली होती. काठी घेऊन चालायची. सरकत्या जिन्याची तर हिला जन्माची भीती. पहिली पायरी निवडता निवडता मागे रांग लागते. गोष्ट संपल्यावर हिने विचारलं, "त्यांची बायको होती का बरोबर?"

मी म्हटलं, "का?"

"नाही, म्हटलं, जनरल तंदुरुस्त होते एवढंच त्यातून सिद्ध झालं. दुसरं काय?"

मुलगा आणि सून दोघंही मोबाइलमध्ये बघायला लागले. मी पाणी पिऊन आलो.

पण रात्री मला झोप लागेना. मी फाइलवर ती ओळ लिहिली, तेव्हा मी त्या सज्जाखाली उभा नव्हतो. नकाशा ज्याच्या हातात असतो तो सहसा सज्जाखाली उभा नसतो. ग्रॅहमसाहेब निदान खुर्चीत बसले तरी. त्यांनी खुर्चीचा वापर चुकीचा केला, पण बसले. मी तेवढंही केलं नव्हतं.

आणि उघड्या, उंचावरच्या स्टेशनला लिफ्ट म्हणजे काय, ते ऱ्होड आयलंड अ‍ॅव्हेन्यूला कळतं. खाली रस्ता, वर फलाट. लिफ्ट नसेल तर हिच्यासारख्या बाईला ते स्टेशन नाहीच. मग छप्पर पक्ष्याच्या पंखासारखं असो की पत्र्याचं असो, तिला काय त्याचं? आर्किटेक्चर म्हटलं की आपण कमान, खांब, प्रकाश यांवर बोलतो. मीही आत्ता वीस मिनिटं तेच केलं. ती लिफ्ट मूळ चित्रात नव्हती, ती कोर्टाने काढलेली रेघ आहे. आज मी म्हणेन, त्या स्टेशनातली ती सर्वांत चांगली रेघ आहे.

फरशीवरूनही तिथे असाच वाद आहे. ऱ्होड आयलंड अ‍ॅव्हेन्यूनंतर त्यांनी मोठं काम हाती घेतलं. २०१९ ते २०२२ या चार वर्षांत वीस उघड्या स्टेशनांचे फलाट नव्याने बांधले. एका उन्हाळ्यात विमानतळाच्या दक्षिणेची सहाच्या सहा स्टेशनं एकदम बंद. मघाशी म्हटलं ते आर्लिंग्टनचं स्टेशन २०२१ मध्ये फेब्रुवारी ते मे बंद होतं. या नव्या फलाटांवर लाल सहा कोनी फरशीच्या जागी राखाडी, न घसरणारी फरशी आली. वीज यांच्या चाहत्यांना ते आवडलं नाही. लाल फरशी ही त्या मेट्रोची ओळख होती, राखाडी काँक्रीटवर तेवढाच एक उबदार रंग होता, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. मलाही ती लाल फरशी जास्त सुंदर वाटते. पण ओली झाली की ती गुळगुळीत होते. भूमिगत स्टेशनात ती छान आहे. उघड्यावर, पावसात, काठी टेकत चालणाऱ्या माणसाला विचारा. भूमिगत भावाचे कपडे उघड्यावरच्या भावाला घातले होते, एवढीच ती चूक. तिला पन्नास वर्षं कुणी चूक म्हटलं नाही, कारण दिसायला सगळं एकसारखं छान दिसत होतं.

तुम्ही म्हणाल, कर्नलसाहेब, वॉशिंग्टनचं आम्हाला काय? आमच्याकडे ना बर्फ, ना मीठ. मीठ नाही असं कसं म्हणता? मुंबईत, चेन्नईत, कोचीत समुद्राची हवाच मीठ घेऊन येते. आणि गोठणारं पाणी नसलं तरी चार महिने न थांबणारं पाणी आहे. आपली पहिली मेट्रो कोलकात्याची, १९८४ ची. तीही बहुतांश भूमिगत, पण तिची सुरुवातीची दोन्ही टोकं, दमदम आणि टॉलीगंज, उघड्यावर आली. (टॉलीगंज हे नावही एका लष्करी अधिकाऱ्याचं बरं का. विल्यम टॉली, अठराव्या शतकात तिथला नाला खोदून वाहता केला. आमची जमात सगळीकडे.) दिल्लीचा पहिला टप्पा, शाहदरा ते तीस हजारी, डिसेंबर २००२ चा, जमिनीच्या वरचा. त्यानंतर बंगळुरू, हैदराबाद, नागपूर, पुणे, सगळीकडे आपण खांबांवर चढलो. कारण ते स्वस्त पडतं आणि लवकर होतं. म्हणजे आपली बहुतेक स्टेशनं उघड्यावरच्या भावाच्या कुळातली आहेत. त्यांचं आज वय काय? वीस, दहा, पाच. अजून सगळं नवं आहे, फीत कापल्याचे फोटो ताजे आहेत. गंज या वयात दिसत नसतो.

पुण्यात परवा मेट्रोच्या एका खांबाजवळ उभा होतो. पन्हाळीच्या पाइपचं तोंड एका प्लॅस्टिकच्या पिशवीने बंद झालं होतं आणि पाणी खांबावरून ओघळत होतं. एवढीशी गोष्ट. एक पिशवी. मी छत्रीच्या टोकाने ती काढली. मागे उभा असलेला कॉलेजचा मुलगा म्हणाला, "काका, ते त्यांचं काम आहे." म्हटलं, आहेच. फोटो काढून त्यांनाही पाठव. त्याने खरंच पाठवला.

आम्ही पुन्हा २०२३ मध्ये गेलो मुलाकडे. तो आता दुसरीकडे राहतो, पण मी हट्टाने ऱ्होड आयलंड अ‍ॅव्हेन्यूला उतरलो. पाऊस होता. पंखाखाली कोरडं होतं, आणि फलाटाच्या उघड्या टोकाला एक मुलगी छत्री धरून उभी होती. छताखाली भरपूर जागा असताना ती तिथे का उभी होती, कोण जाणे. कदाचित तिचा डबा तिथे थांबत असेल. गाडीची वेळ झाली, कडेचे दिवे लुकलुकायला लागले. मी खांबाजवळ गेलो आणि इकडेतिकडे बघून पेराने ठोकलं. खणखणीत. दोन पावलं सरकलो, पुन्हा ठोकलं. तिथेही बरं होतं. तिसरीकडे जरासं... पण एका पेराच्या ठोक्यावर काही ठरवू नये.

ही लिफ्टच्या दारात उभी होती. काठीने दार अडवून धरलं होतं. म्हणाली, "वाजवून झालं असेल तर चला. माझ्यामागे एक बाबागाडी थांबलीय."